पंप तपासायला तळहात?

मंडळातल्या मैत्रिणींनो, आजचं आजच लिहिते.

बगरू गावाच्या रस्त्याच्या कामावर बुलडोझरचा डिझेल पंप बिघडला. इंजिनाचा नंबर जुळवून मी आमच्या सुट्या भागांच्या स्टोअरमधून नवा पंप नेला. बसवला, तरी इंजिन सुरू होईना. मिस्त्री गोपालजींनी इंजिनात डिझेल फवारणारा नोझल बाहेर काढून नळीला जोडला आणि त्यासमोर चक्क तळहात धरला.

“हे काय?”

“धार हाथ पे लगे तो पंप ठीक, बहनजी! बी.ए. में नहीं पढ़ाया?”

मी त्यांचा हात मागे ओढला आणि खोक्याचा पुठ्ठा तिथे टेकवून ठेवला. इंजिन फिरवताच धार पुठ्ठ्यातून आरपार!

गोपालजींचा चेहरा उतरला. “छोटे भाई को भी मैंने यही सिखाया है,” ते म्हणाले आणि भावाला सांगायला सायकलकडे धावले.

तुमच्या घरची माणसं कामावर काय काय करतात, कधी विचारलंत?