सोडून दिलेलं कलम

त्या वर्षांत माझं काम एकच होतं: प्रयोगशाळेतून अजून धड बाहेर न पडलेल्या वस्तूला बडी कंपनी शोधायची आणि करार जमवायचा. लग्नं जमवण्यासारखंच, फक्त पत्रिका इंग्रजीत. ऑफिस तमिळ मुलखात, पेरुंगुडीला, माणसं मोजून नऊ. कंपनी सुरू करणाऱ्या शास्त्रज्ञ बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. मी पुण्याचा, म्हणून माझ्याशी त्या आपल्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत बोलायच्या. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत, मी अक्का; त्या मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ.

अक्कांनी कोळंबीच्या पिल्लांमधला रोग ओळखणारी पट्टी तयार केली होती. हा रोग हौदात शिरला की चार दिवसांत सगळी पिल्लं खलास, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायलाही तेवढेच दिवस. पट्टी दहा मिनिटांत सांगायची. कोवलमच्या पुढे किनाऱ्यावर कोळंबीची पिल्लं वाढवणारे होते, त्यांच्या हातात ती पडावी, एवढंच अक्कांना हवं होतं.

एका बड्या कंपनीने पट्टीचे हक्क विकत घ्यायची तयारी दाखवली, आणि बोलणी नुंगंबाक्कमच्या एका हॉटेलात ठरली. आमच्या वकिलांनी मसुद्यात एक कलम घातलं होतं: वर्षभरात पट्टी बाजारात आणली नाही, तर तिचे हक्क आम्हाला परत. आदल्या दिवशी अक्कांनी त्यावर बोट ठेवलं.

"तंबी, हे सोडू नको बा. घेतलं आणि ठेवून दिलं तर?"

मी हसलो. "अक्का, पैसे मोजून घेतलेली वस्तू फडताळात कोण ठेवतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी सही होताच मिळणाऱ्या रकमेवर अडून बसलो, समोरचे तिघेही हटेनात. शेवटी त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, रक्कम वाढवतो, ते कलम तेवढं काढा. मला वाटलं, मोठा मासा गळाला लागला. मी अक्कांकडे पाहिलं.

"तुला कळतं त्यातलं," त्या म्हणाल्या.

मी स्वतःच्या पेनाने ते कलम खोडलं आणि घरी जाताना मिठाई घेतली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रक्कम आली, नवं यंत्र आलं. पट्टी काही बाजारात आली नाही. वर्ष गेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, अभ्यास चालू आहे. मग कळलं, या रोगाची तपासणी करणारी प्रयोगशाळा त्याच कंपनीची होती, आणि पट्टी आली असती तर त्या प्रयोगशाळेचा धंदाच बसला असता. करार करण्याआधी हे शोधून काढणं हाच तर माझा धंदा. त्यांचा नाही, मला माझाच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

एका सकाळी कोवलमकडून फोन आला. ज्याच्या हौदांवर आम्ही पट्टी तपासून पाहिली होती, तोच माणूस होता. पिल्लं खात नाहीत, पट्टी असेल तर आत्ता येतो, म्हणाला. फ्रिजमध्ये जुना एक डबा शिल्लक होता. अक्कांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "देऊ का?"

"करार मोडेल, अक्का. हक्क आता त्यांचे, आपल्याला कुणालाच देता येत नाही."

त्यांनी हात काढला आणि तमिळमध्ये त्याला सांगितलं, पट्टी नाही, पाण्याचा आणि पिल्लांचा नमुना तपासायला द्या. कुठे देऊ, त्याने विचारलं. जवळपास प्रयोगशाळा एकच होती. अक्कांनी त्याच कंपनीचा पत्ता त्याला सावकाश, दोनदा सांगितला.