ओव्हनच्या दाराचा कोपरा

तहसीन कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला की आधी स्वयंपाकघरात डोकावतो आणि ओव्हनचं दार ओढून बघतो. पूर्ण नाही, अर्धंच. अर्ध्यावर हात सोडायचा आणि दार तिथंच थांबतं की धाडकन खाली येतं ते पाहायचं. नव्या माणसाला वाटतं, याला भूक लागली असावी. त्याची बायको नेसरिन सगळ्यांना सांगते, "आमच्या घरी मला बघायला आला तेव्हा माझ्याआधी यानं ओव्हन बघितला. मी पास झाले, ओव्हन नापास."

तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरात आम्हा मराठी नवरा-बायकोच्या वरच्याच मजल्यावर ही दोघं राहतात. आमचे हे आणि तहसीन एकाच कारखान्यात आहेत. हे पॅकिंगमध्ये, तो आराखड्यांच्या विभागात. कारखाना घरगुती ओव्हनचा, आणि तहसीनकडे काम फक्त दाराचं. दारात एवढं काय असतं, असं मला पूर्वी वाटायचं. त्यानंच एकदा समजावलं होतं की पोराचा हात भाजू नये म्हणून बाहेरची काच गार राहायला हवी, त्यासाठी दोन काचांमधून हवा खेळायला हवी, आणि आतली काच अशी धरायला हवी की ती तापून फुगली तरी तडकू नये आणि दार आपटलं तरी खुळखुळू नये. हे बोलताना त्याचा चहा गार होऊन गेला होता.

जुन्या दारांत ही आतली काच पत्र्याच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवलेली असायची. तेलाची वाफ दोन काचांच्या मध्ये शिरायची आणि पिवळे ओघळ धरायचे. तहसीनची आई, मकबूले तेयझे, पलीकडच्याच गल्लीत राहतात. आम्ही सगळ्या त्यांना तेयझे म्हणतो, म्हणजे मावशी. त्यांना ते ओघळ डोळ्यांसमोर सहन व्हायचे नाहीत. दर वेळी मुलाला स्क्रूड्रायव्हर घेऊन बोलावायच्या आणि वर ऐकवायच्या, की तुझ्या कारखान्यानं घाण कुलपात ठेवलीय आणि किल्ली तुझ्याकडे दिलीय.

ते ऐकून ऐकून तहसीननं प्लास्टिकचा कोपरा शोधून काढला. दाराच्या वरच्या दोन टोकांना बसणारा, काडेपेटीएवढा, काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचा. अंगठ्यानं दाबला की सुटतो, आतली काच ओढून काढायची, धुवायची, परत सरकवून कोपरा दाबला की झालं. त्यानं तो तापवून पाहिला, वाफेत ठेवला, तेलात बुडवला, साबणात भिजवला. सगळ्यातून पार पडला. स्क्रू वाचले, पत्रा वाचला, जोडणीचं काम कमी झालं. त्याचे वरिष्ठ जेव्देत बे, म्हणजे जेव्देतसाहेब, इतके खूश झाले की खोक्यावर त्या कोपऱ्याचं चित्र छापलं.

कोपरे ओतायचं काम रिफ्की उस्तांकडे गेलं. उस्ता म्हणजे कारागिरांतला थोर माणूस, आणि तहसीनसाठी तर वडिलांच्या जागी. कॉलेज सुटल्यावर पहिली काही वर्षं तो त्यांच्याच वर्कशॉपमध्ये होता. नायलॉनचे दाणे हवेतलं पाणी पितात, म्हणून ते गरम हवेत वाळवूनच यंत्रात घालायचे, नाहीतर वस्तू वरून छान दिसते आणि आतून ठिसूळ होते. हे तो उस्तांच्या शेजारी उभा राहून शिकला होता. कोपऱ्यांचं काम आल्यावर उस्तांनी नवं यंत्र घेतलं, दोन मुली कामाला ठेवल्या. वर्कशॉप बहुतेक त्या एका कामावरच चालायला लागलं.

रमजानचा सण झाला आणि तक्रारी यायला लागल्या. दार उघडताना आतली काच खाली घसरते. बहुतेकांच्या काचा जमिनीवर फुटल्या, तेवढ्यावर भागलं. पण अडाना शहरात एका बाईच्या पायावर तापलेली काच पडली आणि तिच्या पायाला टाके पडले. तुटलेले कोपरे परत मागवले, तर बोटात दाबले की कण पडायचे. जेव्देत बेंनी लगेच निकाल लावला. उस्तानं दाणे न वाळवता माल काढला. गुरुवारच्या बैठकीत तहसीननं तेवढं 'हो' म्हणायचं होतं.

त्या 'हो'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. कायसेरीचे लोक शेजाऱ्याला विचारल्याशिवाय सुईसुद्धा घेत नाहीत. एका कारखान्यानं "रिफ्की ओला माल देतो" म्हटलं असतं तर उस्तांना पुन्हा कोणी काम दिलं नसतं.

तहसीन वर्कशॉपमध्ये गेला. तिथं काय झालं ते त्यानं आमच्या ह्यांना सांगितलं. उस्तांनी चहा मागवला. तहसीननं विचारलं, "सणाच्या घाईत एखाद्या वेळी दाणे वाळवायचं राहिलं असेल का, उस्ता?"

उस्तांनी चहा ढवळायचं थांबवलं. "कोण विचारतंय? कारखाना की तू?"

"दोघंही."

"मग कारखान्याला सांग, वाळवतो. तुला काही सांगत नाही. तुला मी शिकवलंय."

तो उठला तेव्हा उस्तांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. घरी येऊन नेसरिनला म्हणाला, मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचाय आणि ठेवता येत नाही. उस्तांचं वय झालंय, मुली नव्या आहेत, हे सारखं मनात येतंय. नेसरिननं मला हे जिन्यात सांगितलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार होते?

बैठकीच्या आधीच्या रविवारी मकबूले तेयझेंकडे आम्ही मांती करायला जमलो होतो. बकरी ईद जवळ आली होती. पिठाचे चौकोन कापायचे, त्यात खिमा भरायचा आणि चिमटीनं तोंड बंद करायचं. इथं मांती जितकी बारीक तितकी बाई शहाणी. माझ्या मांत्या कधीच बारीक होत नाहीत. शेजारची सिद्दिका आबला, म्हणजे सिद्दिकाताई, माझं ताट बघून म्हणाली, "हिची एक मांती खाल्ली की माणसाला नमाजाला वाकता येणार नाही."

आम्ही हसत होतो तेवढ्यात तहसीन पिठाची पिशवी घेऊन आला. पिशवी ठेवली आणि सवयीनं ओव्हनचं दार ओढलं. आतली काच एका बाजूनं सुटून खाली आली. त्यानं ती गुडघ्यावर झेलली. कोपरा त्याच्या हातात आला आणि चुरा होऊन फरशीवर सांडला.

तो तसाच खाली बसला. आईचा ओव्हन पहिल्या खेपेचा होता. त्यातले कोपरे चाचणीचे, तहसीननं स्वतः यंत्राशी उभं राहून काढून घेतलेले. दाणे त्यानं आपल्या हातानं वाळवले होते.

"अन्ने, हे दार तू कशानं धुतलंस?" त्यानं आईला विचारलं.

"पाण्यानं," तेयझे म्हणाल्या.

सिद्दिका आबला हसली. "मुलाशी तरी खरं बोल, मकबूले. पाण्यानं काच अशी लख्ख होते?"

मग तेयझेंनी अभिमानानं सांगितलं. काच आणि कोपरे सगळं काढून टबात टाकायचं आणि वरून तुझ रुहू ओतायचं. तुझ रुहू म्हणजे संडास धुवायचं ॲसिड. खिडकी उघडी ठेवायची, तोंडाला फडकं बांधायचं. रमजानला धुतलं होतं, आता परवा पुन्हा धुतलं.

तहसीन म्हणाला, "ओव्हनबरोबर पुस्तक दिलंय. त्यात सौम्य साबण लिहिलाय."

"सौम्य साबणानं सौम्य घाण जाते, बाळा," तेयझे म्हणाल्या. "माझ्या घरी पाहुणे येतात."

सिद्दिका आबलाही तसंच धुते. तिची सून तर पाणीसुद्धा मिसळत नाही. अडानाची नणंद, अंकाराची बहीण, कोणाकोणाची नावं निघाली. सणाच्या आधी घर धुवायचं तर तुझ रुहू हवंच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. तहसीनला एवढं साधं कसं माहीत नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. तो फरशीवरचा चुरा गोळा करत राहिला. मांती न खाताच गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बाल्कनीत एक टब दिसला. नेसरिन नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावून कपडे वाळत घालत होती. कारखान्यातून आणलेले कोरे कोपरे त्यात घातले होते. कोरडा कोपरा वाकवला तर नुसता वाकायचा. टबातून काढलेला खारी बिस्किटासारखा मोडला.

उस्तांची चूक नव्हती. पण सुटका तेवढ्यानं होणार नव्हती. बैठकीच्या आधी तहसीन जेव्देत बेंकडे गेला. सगळं ऐकून ते उलट खूश झाले. म्हणाले, "मग तर सोपंच झालं, तहसीन बे. पुस्तकात साबण लिहिलाय, बायकांनी ॲसिड ओतलं. उस्ता सुटला, तुम्ही सुटलात, कारखाना सुटला."

"आणि अडानाच्या त्या बाई?"

"त्यांनी पुस्तक वाचायला हवं होतं."

त्या रात्री तो जेवला नाही, असं नेसरिन म्हणाली. सण तोंडावर होता. घरोघरी टब भरलेले होते, आणि त्यानंतर ओव्हन तापणार होते, तापलेल्या दारांसमोर बायका उभ्या राहणार होत्या. गप्प बसलं तर त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पायावर काच पडणार. बोललं तर कोपरा बंद, पुन्हा पत्रा, आणि उस्तांच्या यंत्राला कामच नाही. ओल्या मालाचा डाग पुसायला जावं तर उस्तांच्या तोंडचा घासच जाणार. आमचे हे त्याला म्हणाले, एकदा उस्तांना विचार तरी. तो म्हणाला, "विचारलं तर त्यांना माझ्यासाठी 'बोल' म्हणावं लागेल. ते ओझं त्यांच्यावर कशाला?"

गुरुवारी बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "कोपरा मी धुण्यासाठीच केला होता. आणि बायका धुतात कशानं, हे मी एकीलाही विचारलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही. माल चांगला होता. चूक आराखड्याची आहे, आणि आराखडा माझा आहे."

जेव्देत बे त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. पण मोठ्या मालकांनी ऐकलं. नवा कोपरा स्प्रिंगच्या पत्र्याचा ठरला, आणि सणाच्या आत ज्यांचे नंबर सापडले त्यांना फोन गेले, की काच बसवू नका, माणूस येईल. तहसीनला आराखड्यांतून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. आता तो पत्र्याचे कोपरे पाकिटात घालून गावोगाव पाठवतो. उस्तांचं काम बंद झालं. दोन्ही मुलींना त्यांनी सणाआधीच घरी पाठवलं.

ईदच्या पहिल्या दिवशी तहसीन आणि नेसरिन दरवर्षीसारखे उस्तांच्या घरी गेले. उस्तांनी हात पुढे केला. तहसीननं तो ओठांना लावला, कपाळाला लावला. कॉफी आली, गोड आलं. उस्तांनी नेसरिनच्या आईची चौकशी केली. मग कप खाली ठेवून तहसीनला म्हणाले, "लोक विचारतात, रिफ्की, काम का गेलं? मी सांगतो, माल चांगला होता, वस्तूच चुकली होती. ताठ मानेनं सांगतो. हे तुझ्यामुळे."

उस्तांनी गोडाची ताटली नेसरिनकडे सरकवली.

"पण काम गेलं तेही तुझ्यामुळेच. दोन्ही एकदम मनात मावत नाही माझ्या. थोडे दिवस येऊ नकोस."

"बरं, उस्ता," तहसीन म्हणाला.

दारात बूट घालायला त्याला फार वेळ लागला, असं नेसरिननं सांगितलं. उस्ता आत निघून गेले नाहीत. त्याचे बूट घालून होईपर्यंत उंबऱ्यात उभे राहिले, आणि मग दार हळूच लावलं. येत्या रमजानच्या सणाला उस्तांकडे जायचं की नाही, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. आम्हीही कोणी विचारत नाही.