न पाझरलेली नळी

गौतम गेल्याचं त्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी त्याच्यावर चिडलोच. आमचं एक जुनं भांडण मिटायचं राहिलं होतं... आता कोणाशी भांडू?

सत्तरच्या दशकात मंगरूळपीरला आम्ही कॉलेजच्या एकाच प्रयोगशाळेत होतो. तो रसायनशास्त्र शिकवायचा, मी प्रयोगाचं साहित्य मांडायचो. किन्हीराजा गावच्या मजुराच्या घरातला हा पोरगा एम.एस्सी. झाला होता, पण त्याला डॉक्टरेट हवी होती. त्याचा विषय असा: स्पिरिटची वाफ आणि हवा तापलेल्या उत्प्रेरकावर एकत्र आली की प्रचंड उष्णता सुटते. हवा एकदम सोडली तर सगळंच भडकतं. गौतम म्हणायचा, हवा मातीच्या नळीतून हळूहळू आत पाझरू द्यायची, माठातून पाणी पाझरतं तशी. नळीच्या आत उत्प्रेरक आणि वाफ, बाहेरून लोखंडी नळ, मधल्या जागेत दाबाखाली हवा. केनवडचे नामाजी कुंभार त्याला ओबडधोबड नळ्या करून द्यायचे आणि त्या झकास चालायच्या.

मार्गदर्शक सर नागपूरहून प्रयोग बघायला येणार, त्यांच्या होकारावर सगळं अडलेलं. नेमकी आठ दिवस आधी नळी तडकली. नामाजींनी नवी नळी सर येणार त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं स्वतः आणून दिली आणि आम्ही ती न तपासताच बसवली.

दुपारी वाफ सोडली, हवा सोडली. थर्मामीटरचा पारा जागचा हलेना. सर म्हणाले, "दाब वाढवा." वाढवला. काही नाही. "अजून." दाबाचा काटा लाल खुणेला टेकला. झडपेवर माझा हात होता आणि तो घामानं निसटत होता. नळी फुटली असती तर सगळी हवा एकदम आत शिरली असती आणि आम्ही तिघंही भाजून निघालो असतो. गौतम काट्याकडे बघत होता. त्याला अजून एकदाच वाढवून बघायचं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं...

"बंद कर," तो मला म्हणाला.

"घाबरलात?" सरांनी विचारलं.

"हो सर."

सर पुढच्या गाडीनं गेले. आम्ही नळी काढून तिच्यात पाणी भरलं. बाहेर एक थेंब आला नाही. अंगानं ती आरशासारखी चकचकीत होती.

दुसऱ्या दिवशी केनवडला गेलो. नामाजी खुशीत होते. "तीन दिवस गारगोटीनं घोटली, बापू. सायबासमोर तुही नळी गळू नये म्हून."

"लय चांगली झाली, नामाजी," गौतम म्हणाला. "काम झालं माहं."

बाहेर येताच मी भडकलो. "काहून खोटं बोलला? सरांले लिही, कुंभारानं घोळ केला म्हून."

"पाझरली पाह्यजे, हे मीच त्याले सांगतलं नाही. गळतं भांडं त्यानं कधी कोणाले देल्लं हाय?"

त्यानं सरांना लिहिलं, चूक माझी. सरांनी ती त्याचीच धरली आणि पुन्हा येऊ नका म्हणून कळवलं. गौतम शेवटपर्यंत नुसता 'वानखडे सर' राहिला. याबद्दल मी त्याला कधीच माफ केलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी बसलो होतो. केनवडहून नामाजींची सून आली, फोटोला हात जोडून माझ्याजवळ टेकली.

"आमचे मामाजी मरेपर्यंत साऱ्याईले सांगत होते," ती म्हणाली, "माह्या नळीवर गौतमबापू डॉक्टर झाला म्हून. खरं हाय ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "त्याच नळीवर."