वासावरून वसई

वसई हे पाहण्याचे शहर नसून हुंगण्याचे शहर आहे, असे मानणारा मनुष्य साऱ्या पालघर जिल्ह्यात एकच असेल आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. शहराचे नावच मुळी वासावरून पडले, यावर त्यांची श्रद्धा आहे. "वास येई, वास येई म्हनता म्हनता वसई झाली. पुस्तकात नाय सापडायचं हे. पुस्तकं लिहिनाऱ्यांना नाक कुठं असतं?" माझे वडील सांगलीला आयुष्यभर मराठी शिकवत होते. त्यांनी एकदा सौम्यपणे सुचवून पाहिले की 'वास' म्हणजे राहणे, वस्ती करणे, असाही अर्थ आहे आणि नाव बहुधा त्यावरून आले असावे. मामांनी वडिलांकडे हुशार पण थोड्याशा मागे पडलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले. "तेच तर सांगतोय, व्याही. जिथं वास येतो तिथंच मानूस राहतो."

अशा माणसाला रस्ता विचारणे हे धाडसच. एकदा मोटरसायकलवरून आलेल्या दोन मुलींनी त्यांना किल्ल्याची वाट विचारली. मामा म्हणाले, "सरळ जावा. बिस्किटांचा वास लागला की डावीकडे. मग सोनचाफा येईल. तो उजव्या नाकपुडीत आला पायजे, डावीत आला तर चुकलात. पुढं सुक्या बोंबलांचा वास लागला की समजा किल्ला आला. पन आधी ते डोक्यावरचं काढा, त्यात काय कळनार?" मुलींनी हेल्मेटे काढली नाहीत. अर्ध्या तासाने त्या फिरून पुन्हा त्याच जागी आल्या, तेव्हा मामा तिथेच उभे होते. त्यांनी अत्यंत काळजीने विचारले, "सर्दी झालीय का, पोरींनो?"

मामा मूळचे खाडीकाठच्या भातशेतीच्या घरातले, पण नोकरी सातिवलीच्या एका गाळ्यात, रंगाच्या कारखान्यात. तीस वर्षे त्यांनी थिनरच्या वाफेत काढली. सहा दिवस नाक नोकरीला आणि रविवारी मोकळे, अशी त्यांची विभागणी होती. रविवारी सकाळी गोखिवऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून ते खाली उतरत, ठरलेल्या रिक्षावाल्याला हाक मारत आणि उन्हात गादी घालावी तसे नाक वसईभर वाळत घालत. खानावळीत शिरण्यापूर्वी ते तिच्या मागच्या बाजूला जात. "पाटी पुढं असते, खरं मागं असतं," असे म्हणत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून ते दीर्घ श्वास घेत आणि मगच आत जायचे की नाही ते ठरवत. एका नव्या खानावळीच्या मालकाने त्यांना सरकारी तपासनीस समजून घाईघाईने खुर्ची आणि सोलकढी दिली. मामांनी सोलकढीचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नारळ कालचा आहे." मालकाने घाम पुसला. पावसाळ्यात चिंचोटीला सारे जग धबधब्याखाली किंचाळत भिजत असे, तेव्हा मामा शंभर पावले दूर एका कातळावर एकटे बसत. पाणी बघायला आम्ही आलेलो असायचो. ते भिजलेला दगड हुंगायला आलेले असायचे.

मी या घरात आले ती नदीकाठची मुलगी, समुद्राची सवय नसलेली. लग्नानंतर सासरचे सगळे मला पाचूबंदरच्या किनाऱ्यावर घेऊन गेले, तेव्हा तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते आणि मी नाकाला रुमाल लावून उभी होते. सगळे हसले, मामा हसले नाहीत. "सूनबाय, रुमाल काढ. डोळे मिट. आधी नुसतं मीठ शोध. मग ऊन. मासळी शेवटी येते." मी मीठ शोधले. ते सापडले. मग ऊन सापडले, बांबूंचे, दोऱ्यांचे, तापलेल्या वाळूचे. मासळी आली तेव्हा ती परकी राहिली नव्हती. माझ्या सासरचे घर मला सप्तपदीने मिळाले असेल, पण सासरचे गाव मला त्या दिवशी, त्या वाळूत मिळाले.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर काही दिवसांनी, मामांना ताप आला. आठवड्याने उतरला. त्यानंतर कित्येक महिने ते घराबाहेर पडले नाहीत. गोखिवऱ्याच्या गॅलरीत समोरच्या इमारतीकडे पाहत बसून असत. चहा आला की तो नाकाशी न नेता सरळ पिऊन टाकत. अशक्तपणा आहे, असे मामी म्हणत आणि आम्हीही तेच म्हणत असू. पुढे केव्हातरी ते आपणहून उठले, रिक्षावाल्याला हाक मारली आणि रविवार पूर्ववत सुरू झाले. आम्हाला वाटले, ताप आता खरा उतरला.

गेल्या हिवाळ्यात माझे आईवडील सांगलीहून आले आणि मामांनी त्यांना वसई दाखवायला नेले. मामा पुढे रिक्षावाल्याजवळ अंग चोरून बसले, आम्ही तिघे मागे. बिस्किटांच्या वळणावर रिक्षा थांबवण्याचा आणि सर्वांनी डोळे मिटण्याचा मामांचा जुना नियम होता. वळण यायच्या कितीतरी आधी ते स्वतः डोळे मिटत, वळणाचा धक्का अंगाला कळला की हात वर करत. त्यांनी हात वर केला.

"आली? लोन्यातली बिस्किटं. आज वेलची जरा जास्त टाकलीय."

"हो हो, सुरेख," माझे सज्जन वडील म्हणाले.

मी डोळे उघडले. बेकरी तिथे नव्हती. मागच्या रविवारनंतर केव्हातरी ती बंद झाली होती, भट्टीचे धुराडे काढून टाकले होते आणि त्या जागी फरशांचे नवे दुकान होऊ घातले होते. शटरला नुकताच निळा रंग दिला होता. सारे वळण त्या ओल्या रंगाच्या आणि थिनरच्या वासाने भरले होते. तीस वर्षे जो वास मामांनी श्वासाबरोबर घेतला, त्याच्यापुढे ते डोळे मिटून, चेहरा किंचित वर करून साऱ्या जगाला वेलची वाटत होते.

रिक्षावाला म्हणाला, "मामा, ती बेकरी तर..."

"चला भाऊ, उशीर होतोय," मी म्हणाले.

पण परतीची वाटही तीच होती आणि परतताना मामांचे डोळे उघडे होते. त्यांनी निळे शटर पाहिले. मान वळवून, दिसेनासे होईपर्यंत पाहिले. नंतर आरशातून त्यांची नजर माझ्याकडे आली आणि मी पदर नीट करण्याचे निमित्त केले.

पुढच्या रविवारी मामा निघाले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. गॅलरीतली खुर्ची पुन्हा समोरच्या इमारतीकडे वळली आहे, असे मामींनी फोनवर सांगितले आणि मला भीती वाटली. या वेळी ते आपणहून उठतील, याची खात्री कुणी दिली होती?

तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "मामा, आगाशीला सुकेळी आलीत म्हणे. मला निवडता येत नाहीत, चला."

"सर्दी आहे."

"कसली सर्दी?" मामी आतून म्हणाल्या. "दोन वर्सांत एक शिंक ऐकली नाय मी."

मामांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हटले, "असू दे सर्दी. तुम्ही नुसते बरोबर बसा. हुंगायचे काम मी करते."

बराच वेळ ते चपला शोधत राहिले. चपला पायांतच होत्या.

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. वाळता वाळता ती मधाच्या रंगाची होतात आणि केळीच्या सुक्या पानांत बांधून विकली जातात. आगाशीच्या त्या अंगणात मामांनी सवयीने एक पुडा उचलला, नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि माझ्या हातात दिला.

"कसा येतो, सांग."

"गोड."

"साखर पन गोड असते. नीट सांग."

मी डोळे मिटले. "सुक्या पानाचा. दुपारी गवताची गंजी तापते, तसा."

"हां. ते वरचं झालं. खाली जा."

"मध."

"त्याच्या मागं?"

"किंचित आंबूस."

"मग ठेव खाली, ऊन कमी पडलंय त्याला. दुसरा घे." आणि अंगणातल्या बाईंना म्हणाले, "आमची सूनबाय आहे, घाटावरची. हिला फसवता नाय येनार." चार पुडे मी परत ठेवले. पाचवा त्यांनी पिशवीत टाकला.

येताना वळणापाशी त्यांनी हात वर केला. रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने, कुणी न सांगता, इंजिन बंद केले.

"काय येतंय?" मामांनी विचारले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

खोटे बोलणे सोपे होते, आणि पाचूबंदरच्या वाळूत ज्यांनी मला आधी मीठ शोधायला लावले, त्यांच्याशी ते अशक्य होते. "रंगाचा," मी म्हणाले. "थिनरचा. थोडाच उरलाय आता."

"तीस वर्सं नको नको म्हनत होतो त्याला," मामा म्हणाले. "आता तो पन येत नाय." समोरून एक सायकल गेली. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "बिस्किटांचं आठवतं का गं तुला?"

मी मागच्या सीटवरून पुढे वाकले. आधी लाकडाचा धूर सांगितला, भट्टीच्या तोंडाशी राहणारा, गरम. मग करपायच्या बेतात आलेला मैदा. मग पातळ झालेले लोणी, आणि सर्वांत शेवटी, त्यावर हळूच येऊन बसणारी वेलची. मामा मान हलवत होते. त्यांचा चेहरा किंचित वर उचलला गेला होता.

"वेलची जरा जास्तच आहे," मी म्हणाले.

"टाकली असेल आज," मामा म्हणाले.