निळी फीत

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त होती. वडील नांदेडला शिक्षक संघटनेचं काम करायचे. रविवारी फरशीवर बसून आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. "आधी माणूस, मग मागणी," असं ते सांगत. माणूस दिसला नाही तर मागणी कुणी वाचत नाही. मला ते पाठ होतं. ज्या माणसावर लिहायचं त्याला आधी विचारायचं असतं, हे मात्र मला सुचलं नाही.

अकरावीला मी लातूरला आले. आमच्या कॉलेजात दर रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी आणि यादीप्रमाणे तुकडी. पहिली तुकडी वरच्या हवेशीर हॉलमध्ये बसायची. चौथी बसायची गाड्यांच्या पार्किंगशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये. बोअरची मोटर सुरू झाली की तिथे सरांचे नुसते ओठ हलताना दिसत. शंका विचारायचा तास फक्त पहिल्या दोन तुकड्यांना. ओळखपत्राच्या फितीचा रंगही ठरलेला: पहिलीला निळी, चौथीला पिवळी.

माझी रूममेट जळकोटची. जूनमध्ये आम्ही दोघीही पहिल्या तुकडीत, एकाच बाकावर. ती सरांना भंडावून सोडायची. "थांबा सर, ही पायरी कुठून आली?" सर वैतागायचे, पण थांबायचे. मग तिला टायफॉइड झाला, तीन चाचण्या बुडाल्या. गैरहजर म्हणजे शून्य, हा नियम. ती थेट शेडमध्ये गेली.

पहिल्या महिन्यात ती रोज माझी वही उतरवून घ्यायची. पुढे मागणं बंद झालं.

"अगं, आज सरांनी भारी शिकवलंय. घे ना वही."

"ऱ्हाऊ दे गं. पिवळीला काय करायचंय निळीचं?"

हसत बोलली. पण शेडमध्ये ती आता कुणालाच काही विचारत नव्हती.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती. गावी जाताना ती माझी फीत मागून न्यायची. तिच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, पहिल्या तुकडीत आहेस तोवर लातूर, खाली घसरलीस की घरी. वर चढायला तिला वेळ हवा होता. माझी फीत तो वेळ मिळवून देत होती.

दिवाळीनंतर मी पत्रक लिहिलं. आजारपणाला शून्य देणं बंद करा, शंकेचा तास सर्वांना द्या, शेड बंद करा. एकही मागणी चुकीची नव्हती. आजही नाही. पण सुरुवात अशी होती: 'जळकोटकडची एक मुलगी गावी जाताना मैत्रिणीची निळी फीत गळ्यात घालून जाते.' नाव लिहिलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. वडिलांनी फोनवर ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "जमलं तुला," म्हणाले. मी दिवसभर हवेत होते. खाली सही केली, 'एक विद्यार्थिनी'. वडिलांच्या संघटनेनं ते छापून तालुक्या-तालुक्याला पाठवलं.

आठवड्यात तिचे वडील हॉस्टेलच्या दारात उभे. शर्टाच्या खिशात चार घड्यांचं पत्रक. रेक्टर मॅडमसमोर त्यांनी तिला विचारलं, "तू कोन्त्या तुकडीत हायस?"

तिनं पिवळी फीत दाखवली.

मग ते माझ्याकडे वळले. "हे कुनी लिवलं, ठावं हाय का पोरी?"

वक्तृत्व स्पर्धांतून मी अन्यायावर टेबल बडवून बोलले होते. त्या दिवशी मी फरशीकडे बघत म्हणाले, "न्हाई काका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळं तिला कळलं होतं. तिनं माझं नाव घेतलं नाही. ट्रंक भरताना एवढंच म्हणाली, "मला दाखवायचं तरी होतंस की गं." तिनं गावातच आर्ट्‌सला प्रवेश घेतला.

पत्रकाचा उपयोग झाला. आजारी मुलींना फेरचाचणी मिळू लागली. पत्रक माझं होतं हे हळूहळू हॉस्टेलभर झालं. मुलींनी माझं कौतुक केलं आणि मी ते करू दिलं.

यंदा हा मजकूर लिहिल्यावर मी आधी तिला पाठवला. ती आता शिक्षिका आहे. मी लिहिलं होतं की शेड नसतं तर ती डॉक्टर झाली असती. तिचा फोन आला.

"ते वाक्य काढ. डॉक्टर व्हायचंय का, हे मला कुनी विचारलंच नव्हतं. मला फक्त ती पायरी कुठून आली ते विचारायचं होतं."

"आणि बाकीचं?"

"छाप. पन आधी बाबांना वाचून दाखव."

दोन महिने मी कारणं शोधली. मग कंधारमार्गे एसटीनं जळकोटला गेले. काकांनी ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. मी क्षमा मागितली.

"मला तवाच ठावं होतं," ते म्हणाले. "फितीचं दुसऱ्या कुनाला म्हाईत असनार?"

"मग मला विचारलंत कशाला, काका?"

"तू व्हय म्हनली असतीस, तर मी तिला लातूरलाच ठिवनार होतो. म्हनलं, खरं बोलनारी मैतरीन हाय संगं."