सातव्या माळेची नोंद

दुपारचं जेवण झालंय, प्रयोगशाळेतला एसी घोंगावतोय आणि मी उघड्या वहीवर डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. पाच वाजता शोधनिबंध पाठवायचा आहे. डोळे मिटतात न मिटतात तोच समोरच्या स्टुलावर निमकर मॅडम बसलेल्या दिसतात. माझ्या गाईड. डेंग्यूने त्यांना जाऊन तीन महिने झालेत.

"काढ झोपा, यामिनी. माळा काय, आपोआप तयार होतील."

माळा म्हणजे आमचं पॉलिमर. लांब धागा आणि त्यावर ओळीनं साखरेचे रेणू. डेंग्यूचा विषाणू रोगप्रतिकारक पेशीवरचं जे प्रथिन धरून आत शिरतो, त्याला या माळा आधीच चिकटून बसतात. माळ जितकी लांब तितका विषाणू जास्त अडतो, असं मी निबंधात ठासून लिहिलंय.

मॅडमचा हात धरावासा वाटतो. भीती वाटते, म्हणून धरत नाही.

त्या फ्रीज उघडतात. आत त्यांचं स्वयंपाकघर आहे. गॅसवर चहा उकळतोय आणि त्या साखर घालतच राहतात.

"सातवी माळ कुठे गेली गं?"

सातवी सगळ्यांत लांब. तिनं विषाणू अडवला तर नाहीच, उलट दुप्पट आत शिरू दिला. मॅडमचं ते शेवटचं रीडिंग. मी ते निबंधातून गाळलंय.

"तुम्हाला ताप होता, मॅडम. हात थरथरला असेल."

"ताप संध्याकाळी आला. रीडिंग सकाळचं आहे."

त्या दवाखान्याच्या पलंगावर बसून चहा गाळतायत, हाताला सलाइन आहे. "शेजारी कोण उभं होतं तेव्हा?"

मीच. आकडा मीच मोठ्यानं वाचला होता. इतके दिवस मी स्वतःलाच फसवत होते. शरमेनं मला रडू फुटतं.

"उद्या कुणीतरी ती माळ औषध म्हणून टोचून घेईल, बाई." त्या वही पुढे सरकवतात. आमच्याकडे प्रत्येक नोंदीखाली, ती बघणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही लागते. इथली जागा रिकामी आहे. "कर."

मला जाग येते. करंगळीला ओली निळी शाई लागलीय. नोंदीखाली माझी सही आहे, तारखेसकट. तारीख आजची नाही, त्या सकाळची आहे.

मी विभागप्रमुखांना फोन लावते.

"सर, निबंध आज जाणार नाही. एक रीडिंग मी लपवलंय."