आत्या मालक व्हायची

माझी आत्या एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. मीही तिथेच कामाला होते. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या एवढाल्या चादरी; एकटीने घडी होत नाही, समोर दुसरी बाई लागते. दिवसभर समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायका बोलणारच. त्या बोलण्यातूनच आत्याने अभ्यासवर्ग उभा केला, हे तिचं कर्तृत्व. बाकी तिला चहासुद्धा धड जमत नव्हता, मी तो आयुष्यभर प्यायले आहे.

निमित्त झालं इस्त्रीवालीचं. वाफेच्या इस्त्रीशी उभी असताना ती चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर जरा टेकली, तर कामाच्या वेळेत बसली म्हणून मुकादमाने तिला कामावरून काढलं. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं आणि आत्याची अगदी जिवाची मैत्रीण. आत्या कामावरच्या आणखी तिघींना घेऊन मालकाकडे गेली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्च्या दिल्या, चहा पाजला, प्रत्येकीच्या पोरांची चौकशी केली, आपण सगळी एका घरातली माणसं असं म्हणाला. जिना उतरल्यावर चौघींच्या लक्षात आलं, की इस्त्रीवालीचा विषय निघालाच नाही, उलट निघताना आपण त्याचे आभार मानले. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच, आणि पुसून घ्यायला यांनी हनुवट्याही वर केल्या होत्या.

रविवारी आत्याच्या खोलीत वर्ग भरायचा. मजुरी कशी ठरते, कायदा काय सांगतो, दुसरीकडच्या कामगारांनी काय मिळवलं, हे मी वाचून दाखवायची. बायकांना पटायचं. पण गोड बोलण्यापुढे दातखीळ बसते, त्यावर पुस्तकात औषध नव्हतं. एका रविवारी आत्या खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत जाऊन बसली.

"मी मालक," ती म्हणाली. "या, बोला माझ्याशी."

आणि काय मालक झाली! चष्मा पुसत आधी मुलांचा खोकला विचारायची, मग धंद्यातली मंदी, मग घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत असा प्रेमळ दम. समोरची अडखळली की उठून दार उघडायची आणि "या हं," म्हणायची. बिचाऱ्या खरोखरच बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. कपड्यांचे डाग काढणाऱ्या बाईला तर तिने एकटीला बाजूला घेऊन मुकादमीचं आमिष दाखवलं, आणि ती क्षणभर खरंच विचारात पडली. सगळ्यांनी ते पाहिलं. शरमेने ती इतकी चिडली, की तिने आत्याशी बोलणंच टाकलं.

मग कुजबुज सुरू झाली. इतकं हुबेहूब येतं, म्हणजे ही आतून मालकाचीच असणार. तिला मालकीणबाई नाव पडलं. तिच्यासमोर चादर धरायला कुणी उभं राहीना, शेवटी मी राहिले. घरी येऊन ती रडली. सोड ते सोंग, मी म्हटलं.

"आज माझ्यावर चिडतात, उद्या त्याच्यावर चिडतील," आत्या डोळे पुसत म्हणाली. "मी वाईट झाले तर झाले. इस्त्रीवाली कामावर परत आली पाहिजे."

डाग काढणारी वर्गाला मात्र येत राहिली. आत्याशी अवाक्षर नाही, पण खुर्चीशी कडाकडा भांडायची.

आणि एका सकाळी आम्ही घड्या थांबवल्या. चादरींचे ढीग लागले, फाटकाशी दवाखान्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मालक स्वतः खाली आला. चष्मा काढून पुसू लागला, तशी मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मुलींनो, आपण सगळी एका घरातली माणसं," तो म्हणाला, आणि अख्खा हॉल हसला. त्याला काही कळेना. मला त्याची दया आली नाही.

डाग काढणारी पुढे झाली. "घरातलं माणूस चक्कर येऊन पडलं तर त्याला पाणी देतात, घराबाहेर काढत नाहीत. आधी आमची बाई परत घ्या, मग मंदीचं सांगा."

मंदीचं तर तो अजून बोललाही नव्हता. एकेकीने वर येऊन भेटा म्हणाला, तर तसं भेटून झालंय असं दहाजणींनी एका सुरात सांगितलं. फाटकावरचे गाडीवाले भोंगे वाजवत होते. दुपारपर्यंत सगळं कबूल झालं: इस्त्रीवाली परत, बुडालेल्या पगारासकट, इस्त्रीपाशी पंखा आणि बसायला स्टूल. मी आनंदाने रडले, लपवत नाही.

जाता जाता मालक आत्यापाशी थांबला. "तुम्ही आज काहीच बोलला नाहीत?"

"मी तुमच्या बाजूने बोलत असते, साहेब," आत्या म्हणाली. "आज तुम्हीच आलात, मग माझं काय काम?"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली पंख्याखाली उभी होती. मुकादमासमोर ती मुद्दाम एकदा स्टुलावर बसली आणि उठली. मी नेहमीसारखी आत्यासमोर चादर धरायला गेले, तर तिथे डाग काढणारी आधीच दोन टोकं धरून उभी.

"ओढा, मालकीणबाई," ती म्हणाली.